बाळ पाहावयास जाताना

शास्त्रपाठ : लूक २:१-७; निर्गम २:१-१०

बेथलेहेमातील तो प्रसंग आपण दर नाताळात वाचतो. तरी मरीया पहिलटकरीण होती, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. नासरेथ दूर राहिले होते. तेथे तिची आई किंवा सुईण असल्याचे लूक सांगत नाही. बाळाला गुंडाळले व निजवले ते तिनेच, एवढे तो सांगतो. ऊब, निजावयास जागा आणि जवळ आई, ही नवजात बाळाची गरज आजही तीच आहे.

मंडळीत कोणाकडे बाळ जन्मले की आपण झबले-टोपडे घेऊन पाहावयास जातो, आणि सोबत पुष्कळसे सल्लेही नेतो. त्या सल्ल्यांनी काय होते, हे आम्ही स्वतःच्या घरी अनुभवले आहे.

आमचे पहिले बाळ तिसऱ्या रात्री सारखे रडत होते. भेटीस आलेल्यांपैकी कोणी म्हणाले, "हिला दूधच नाही." आम्ही तेच खरे धरले व रात्रीच पावडरच्या दुधाचा डबा आणला. बाळ झोपले, पण बाळाची आई भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. सकाळी एक वयस्क नर्सबाई तिच्याजवळ बसल्या. बाळ केवळ स्तनाग्राचे टोक तोंडात घेत होते. भोवतालच्या काळ्या भागासह तोंडात कसे द्यावे हे त्यांनी दाखवले, आणि बाळ पोटभर प्याले. दूध होते; शिकवणारे कोणी नव्हते. त्या डब्याने तिच्या मनाला किती लागले, हे आम्हांला पुष्कळ दिवसांनी कळले.

म्हणून जाण्यापूर्वी पुढील गोष्टी आपण नीट शिकून घेऊ.

१. दूध. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला अंगावर पाजावे. पहिले घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. काही घरांत तो पिळून टाकतात. तसे करू नये. तो थोडाच असतो, पण बाळाचे पोटही लहान असते, आणि रोगांपासून रक्षण करणारी द्रव्ये त्यात असतात. पहिले ६ महिने केवळ आईचे दूध द्यावे. उन्हाळ्यातही वरचे पाणी नको. साखरपाणी व बाळगुटी नको. १ वर्षाच्या आत मध तर मुळीच चाटवू नये. त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे लागते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते व साधारण दोन आठवड्यांत भरून येते. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत ६ वेळा तरी लघवी होत असेल, तर बहुधा दूध पुरते आहे असे समजावे. डॉक्टरांनीच वरचे दूध सांगितले, तर त्यात आईला कमीपणा नाही.

२. ऊब व स्वच्छता. पहिले २४ तास अंघोळ घालू नये. टोपडे घालावे, दुपट्यात सैल गुंडाळावे. वजन २.५ किलोपेक्षा कमी असल्यास, डॉक्टर किंवा नर्स दाखवतील त्याप्रमाणे आईने बाळाला उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्यावे. नाळ कोरडी ठेवावी. हळद, राख, तेल लावू नये. डोळ्यांत काजळ नको. शेगडीच्या धुरीचा धूर बाळाच्या छातीस बाधतो. बाळाला उताणे निजवावे. भेटीस जाणाऱ्याने प्रथम साबणाने हात धुवावेत. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये.

३. धोक्याच्या खुणा. बाळ दूध ओढीनासे झाले, मलूल पडले, झटके आले, अंग तापले किंवा गार पडले, श्वासाबरोबर छाती आत ओढली जाऊ लागली, तर थांबू नये. शांत असताना पूर्ण १ मिनिट मोजून श्वास ६० किंवा त्याहून अधिक भरले, पहिल्याच दिवशी कावीळ दिसली, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तरीही तत्काळ दवाखाना गाठावा. प्रार्थना वाटेतही करता येते.

हे शिकावयास मोठी विद्वत्ता लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून खेड्यांतील बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकवले. श्वास मोजणे, ऊब देणे, आजार ओळखून उपचार करणे ही कामे त्या करू लागल्या. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या घरी येऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत.

४. बाळंतीण. पहिल्या काही दिवसांत उगीच रडू येणे सामान्य आहे. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटली नाही, झोप-भूक गेली, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे, डॉक्टरांना दाखवावे. ही विश्वासाची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. अति रक्तस्राव, ताप किंवा झटके आल्यास तिलाही तत्काळ दवाखान्यात न्यावे.

मोशेच्या आईने त्याला तीन महिने लपवले. पुढे मोठी बहीण दुरून पाहत उभी राहिली व फारोच्या कन्येने त्याला उचलून घेतले. एक बाळ वाचावयास इतके हात लागले. आपण पुढच्या वेळी जाऊ तेव्हा डबाभर भाजी-भाकरी न्यावी, लंगोट धुऊन वाळत घालावेत, आणि बाळ तासभर सांभाळून आईला म्हणावे, "बाई, तू नीज."

चर्चेसाठी :
१) आपल्या घरांतील बाळंतपणाच्या कोणत्या रीती चांगल्या आहेत? कोणत्या सोडाव्यात?
२) आपल्या मंडळीत या महिन्यात कोणाकडे बाळ आले आहे? तेथे कोणत्या दिवशी कोणी जेवण न्यावयाचे?