लांबचं पुण्य, शेजारची धास्ती

पंढरपूरला गेलं की आपल्यातले काही जण 'पालवी'त आवर्जून जातात. मंगलताई शहांनी 2001 साली दोन चिमुरड्या मुलींना घरी आणून हे घर उभं केलं, एचआयव्ही असलेल्या पोरक्या मुलांसाठी. पोराच्या वाढदिवसाला तिथं जेवण घालतो, गव्हाचं पोतं देतो. छानच आहे ते.

पंचाईत होते ती फलटणात, आपल्याच आळीत. शेजारी कुणाचा तरी रिपोर्ट 'तसला' आल्याची कुजबुज कानावर येते. सकाळची घाई, दूध उतू चाललेलं, रिक्षावाला हॉर्न देतोय, आणि दप्तराची चेन लावता लावता आपण बोलून जातो, "त्याच्या डब्यातलं खाऊ नकोस हं."

"का?"

"सांगितलं ना!"

आपण काही दुष्ट नसतो. भ्यालेलो असतो, इतकंच.

पण त्या शेजारच्या पोराचं काय होत असेल? आई स्वयंपाकघरात डोळे पुसते, बाबा जेवताना बोलत नाहीत, कसलीशी फाईल कपाटावर गेलीय. कुणी काही सांगत नाही म्हटल्यावर त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. त्यात मधल्या सुट्टीत जिवलग मित्रही लांब सरकून बसतो.

एकच डबा, एकच बाटली, मिठी, झोंबाझोंबी, डास, यातल्या कशानंही एचआयव्ही होत नाही. हे मुलांना एरवीच सांगून ठेवावं, कुणाचं नाव न घेता.

एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी आपल्या पैशांची गरज नाही. 2004 पासून सरकार त्या फुकट देतं, आणि 2017 पासून निदान झालं की लगेच सुरू करतात. नियमित घेतल्या तर माणूस चारचौघांसारखा कामधंदा करत जगतो. अडतं ते वेगळंच. सुरुवातीला साताऱ्याला सिव्हिलला जायचं म्हणजे तपासण्या, समुपदेशन, रांगा, एसटी. दिवस मोडतो, मजुरी बुडते, पोराला ठेवायचं कुणाकडे हा प्रश्न. तेव्हा "पाठवा आमच्याकडे, दोघं मिळून अभ्यास करतील" एवढं म्हणायला आजाराचं नाव कळायची गरज नसते. पैशांच्या पाकिटापेक्षा हे घ्यायला सोपं जातं, असं मला वाटतं.

त्या घरातल्यांनी आपणहून विश्वासानं सांगितलंच, तर 1097 हा मोफत हेल्पलाइन नंबर द्यावा. पालकांना एचआयव्ही असेल तर मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा मदत मिळू शकते. तिचे कागद गोळा करताना, झेरॉक्स काढताना सोबत जावं. सांगलीत 'संग्राम' संस्था 1992 पासून एचआयव्हीच्या कामात आहे.

फक्त ग्रुपवर नावानिशी 'मदतीचं आवाहन' टाकू नका. हेतू कितीही चांगला असो, संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करायला 2017 च्या कायद्याची मनाई आहे. आणि शेवटी गावात राहायचं त्यांनाच असतं.

पोरगं विचारेलच, "काकू सारख्या साताऱ्याला का जातात?"

"दवाखान्यात. आज तो आपल्याकडेच जेवणार आहे, दोन ताटं घे."