त्रिरश्मी लेणी ते म्हसरूळ : आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि आपला समाज



नाशिक शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. आपण त्याला बुद्धलेणी म्हणतो. शहराच्या उत्तरेस दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. एकीकडे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा विहार आणि दुसरीकडे १९९८ सालचे विद्यापीठ. या दोन स्थळांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो संबंध काय आहे आणि त्यातून आपल्या समाजाने काय शिकावे, हे थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

१. तथागत आणि रुग्णसेवा

भगवान बुद्धांना महावैद्य म्हटले जाते. वैद्य आधी रोग ओळखतो, मग त्याचे कारण शोधतो, रोग बरा होऊ शकतो हे सांगतो आणि शेवटी उपचार देतो. चार आर्यसत्यांची मांडणी नेमकी याच क्रमाने आहे : दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग. यात नवस नाही, अंगारा नाही, दैवाला दोष देणे नाही. कार्यकारणभावाचा शोध घेणे हेच धम्माचे सूत्र आहे आणि वैद्यकशास्त्राचेही तेच आहे.

विनयपिटकात एक प्रसंग येतो. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचावर निजवले. नंतर संघाला एकत्र बोलावून त्यांनी सांगितले की, तुमच्यामागे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? रोग्याची सेवा ही आपलीच सेवा होय, असा त्या उपदेशाचा भावार्थ आहे.

त्याच ठिकाणी चांगल्या परिचारकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रोग्याला काय हितकर आणि काय अहितकर हे कळावे. त्याने लोभाने नव्हे, मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती यांची त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी चार चांगल्या गोष्टी सांगून त्याने रोग्याचे मन प्रसन्न ठेवावे. आजच्या परिचर्या शास्त्राच्या विद्यार्थिनीला यापेक्षा वेगळे काय शिकवतात?

जीवकाची कथा आपल्या मुलांना ठाऊक असावी. जन्मताच टाकून दिलेले हे मूल पुढे तक्षशिलेस गेले आणि सात वर्षे वैद्यक शिकले. परीक्षा म्हणून गुरूंनी त्याला सांगितले की, तक्षशिलेभोवती योजनभर फिर आणि औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि म्हणाला की, तशी एकही वनस्पती मिळाली नाही. तो उत्तीर्ण झाला. पुढे बिंबिसार राजाचा आणि खुद्द तथागतांचा तो वैद्य झाला. कुळाचा ठावठिकाणा नसलेला मुलगा विद्येच्या बळावर कोठवर जातो, याचे हे उदाहरण आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची व्यवस्था केल्याचे आणि औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या लावल्याचे नमूद आहे.

२. लेण्यातील ठेव

आम्ही बँकेतील माणसे. त्यामुळे त्रिरश्मी लेण्यातील दोन शिलालेखांकडे आमचे लक्ष विशेष जाते. दोन्ही लेख दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहेत.

पहिला लेख उषवदाताचा आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले : दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांवर वर्षाला २४० कार्षापण व्याज होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा द्यावेत असे लेखात म्हटले आहे. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर २४०. हिशोब चोख आहे.

दुसरा लेख आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील आहे. त्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने गोवर्धनच्या कारागीर श्रेणींकडे कायम ठेवी ठेवल्याची नोंद आहे. पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले. तेल गाळणाऱ्यांचीही श्रेणी त्यात आहे. ही ठेव कशासाठी? त्रिरश्मी विहारात राहणाऱ्या भिक्खूसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी!

एका स्त्रीने रुग्णांच्या औषधासाठी ठेव ठेवावी, ती कारागिरांनी सांभाळावी आणि तिच्या व्याजातून औषध मिळावे, ही व्यवस्था आपल्याच नाशिकमध्ये सतराशे वर्षांपूर्वी होती. आरोग्यसेवा ही कोणाच्या दयेवर नव्हे तर पक्क्या संस्थेवर आणि चोख हिशोबावर उभी असावी लागते, हा त्या दगडावरचा धडा आहे.

३. विद्यापीठ म्हणजे काय

आता म्हसरूळकडे वळू. आपल्यातील पुष्कळ लोक या विद्यापीठाला मोठे इस्पितळ समजतात आणि केसपेपर कोठे मिळतो असे विचारतात. काहींना वाटते की तेथे अर्ज केला की डॉक्टरकीला प्रवेश मिळतो. दोन्ही समजुती दुरुस्त केल्या पाहिजेत.

१९९८ पूर्वी राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर अशा आपापल्या भागातील विद्यापीठांना जोडलेली होती. त्यामुळे अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकालाच्या तारखा यांत एकसारखेपणा नव्हता. ही सर्व महाविद्यालये एका छत्राखाली आणण्यासाठी शासनाने हे विद्यापीठ स्थापन केले. त्याचे उद्घाटन १० जून १९९८ रोजी झाले. डॉ. दयानंद डोणगावकर हे पहिले कुलगुरू. पुढे डॉ. मृदुला फडके या कुलगुरू झाल्या. २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर यांनी हे पद स्वीकारले. सैन्यदलात त्या हुद्द्यावर पोचलेल्या त्या देशातील तिसऱ्या महिला होत.

वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार आदी शाखांची राज्यभरातील महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम राबविणे, परीक्षा घेणे, पदवी देणे आणि संशोधनास चालना देणे ही त्याची मुख्य कामे. रुग्णसेवा घडते ती संलग्न महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून. नाशिकमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असावे ही फार दिवसांची मागणी होती. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत नाशिकचे नाव आहे.

पालकांनी चार दारे नीट लक्षात ठेवावीत. महाविद्यालयाला आणि त्यातील जागांना मान्यता देतो राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. २०२० मध्ये जुन्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या जागी तो आला. प्रवेशासाठी ‘नीट’ ही देशपातळीवरची परीक्षा असून राज्याच्या कोट्यातील जागा भरतो राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष. परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. पदवीनंतर व्यवसायासाठी नोंदणी होते महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत. कोणी दलाल "विद्यापीठात आपली ओळख आहे, सीट करून देतो" असे म्हणाला, तर तो खोटे बोलत आहे असे खुशाल समजावे. विद्यापीठ प्रवेशाच्या जागा वाटत नाही.

४. एका दाखल्याची गोष्ट

येथे आम्ही आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. त्यात चूक आमची होती आणि तिचे फळ एका मुलीला भोगावे लागले.

आमच्या नात्यातील ही मुलगी हुशार. बारावीला आणि ‘नीट’ला तिने जिवापाड मेहनत केली. राखीव प्रवर्गातून शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळेल इतके गुण तिला पडले. खुल्या प्रवर्गातून मिळावा इतके मात्र नव्हते. जातीचा दाखला घरात होता. आम्हांला वाटले, झाले काम. जातवैधता प्रमाणपत्र वेगळे लागते, हे आमच्यासारख्या पदवीधर, कागदपत्रांतच दिवस घालवणाऱ्या माणसाने आधी सांगायला हवे होते. आम्ही सांगितले नाही. निकालानंतर धावपळ सुरू झाली. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. तिचे पणजोबा ज्या गावी दोन इयत्ता शिकले त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात नाव सापडायला वेळ गेला. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक निघाला, त्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. प्रमाणपत्र हाती आले तेव्हा वैद्यकीयच्या फेऱ्या संपल्या होत्या.

तिने बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला. घरात सुतकी कळा आली. "डॉक्टर व्हायची ती नर्स झाली," असे जो तो म्हणू लागला, आणि खरे सांगायचे तर आम्हीही म्हणालो. चार वर्षांनी याच विद्यापीठाची पदवी घेऊन ती नोकरीला लागली. एकदा आम्ही तिला म्हणालो, "बाळ, आमच्यामुळे तुझे नुकसान झाले." ती म्हणाली, "काका, कागदाची चूक झाली हे खरे. पण मी नर्स झाले हे नुकसान असे म्हणू नका. रात्री तीन वाजता पेशंट हाक मारतो तेव्हा माझ्याच नावाने मारतो." आम्ही गप्प झालो. दर पौर्णिमेला विहारात आजारी भिक्खूची कथा ऐकणारे आम्ही, तिचा अर्थ त्या मुलीकडून शिकलो.

म्हणून दोन गोष्टी एकदमच सांगतो. आपली मुले डॉक्टर झालीच पाहिजेत. केवळ कागदाअभावी एकही जागा हातची जाता कामा नये. आणि परिचर्या, भौतिकोपचार, प्रयोगशाळा यांतील शिक्षणाला आपण कमी लेखता कामा नये.

५. आपण काय करावे

(१) मुलगा अथवा मुलगी अकरावी विज्ञानला गेली की त्याच वर्षी जातवैधतेचा अर्ज महाविद्यालयामार्फत करावा. आजोबा, पणजोबांच्या शाळेचे उतारे आजच काढून ठेवावेत. गावोगावची जुनी रजिस्टरे जीर्ण होत आहेत.

(२) बौद्ध म्हणून मिळणारी सवलत लढून मिळाली आहे हे विसरू नये. महाराष्ट्र राज्याने ती १९६० मध्ये दिली. केंद्राच्या अनुसूचीत समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. मिळालेला हक्क अर्जाअभावी वाया घालवणे हा त्या लढ्याचा अपमान आहे.

(३) भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढावा. शैक्षणिक कर्ज घ्यायचे झाल्यास हे ध्यानात घ्यावे की, हप्ता साधारणतः शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. जमेल तेवढे व्याज दरमहा भरत गेल्यास पुढचा बोजा हलका होतो.

(४) आजारपणात भगत, देवऋषी यांच्या नादी लागू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ताप उतरवायला लिंबू उतरवले जाते, हे पाहून आम्हांला खेद वाटतो.

(५) संस्थेने विष्णुदत्तेचा कित्ता गिरवावा. दरवर्षी जयंतीच्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढून कायम ठेव करावी. मुद्दलाला हात न लावता व्याजातून एका गरजू विद्यार्थ्याची पुस्तके आणि परीक्षा शुल्क भरावे. शंभर घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तरी वर्षाला साठ हजार रुपये होतात.

६. समारोप

दिंडोरी रस्ता आपल्याला परका नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा जन्म दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी झाला. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची धुरा त्यांनी वाहिली. ज्या नाशिकमध्ये आपल्या पूर्वजांना मंदिराच्या दारात अडवले गेले, त्याच नाशिकमध्ये आज राज्यभरातील डॉक्टरांची आणि परिचारिकांची पदवी तयार होते. मंदिराचे दार उघडावे म्हणून पाच वर्षांहून अधिक काळ लढा द्यावा लागला. विद्येचे दार बाबासाहेबांनी संविधानाने उघडून ठेवले आहे. त्याच संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य सांगितले आहे. दारातून आत जाणे मात्र आपल्याच पायांनी घडायचे आहे, आणि जाताना हातात कागद तयार हवा.

भवतु सब्ब मंगलम्। जय भीम!