होड्या वर ओढल्या की सगळ्यांना पासपोर्ट आठवतो

धाकटी डहाणूत कुणाचा मुलगा जहाजावर, कुणाचा आखातात, कुणाची लेक लग्न होऊन अमेरिकेत. आईबापांना एकदा तरी जाऊन यायचं असतं. फॉर्म भरायला माणसं माझ्याकडे येतात. त्या बसण्या-उठण्यातून कळलेलं थोडं लिहितो.

१. व्हिसाच्या आधी घरातली पत्र्याची पेटी उघडावी. शाळेच्या दाखल्यावर तांडेल, आधारवर टंडेल. बाईचा दाखला माहेरच्या नावाचा, रेशनकार्डावर सासरचं नाव, आणि बँकेत नुसतं लाडाचं. जन्मतारीख मास्तरांनी लावलेली १ जून. ती सगळीकडे तीच असली तर काही बिघडत नाही, पण आधारवर १ जानेवारी पडली की अडलं. जुन्या दाखल्यावर जिल्हा ठाणे असतो म्हणून काही जण घाबरतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, एवढं सांगितलं की विषय संपतो. नावाचा फरक असा तोंडी मिटत नाही. आधी आधार दुरुस्त करा, गरज पडली तर राजपत्रात नाव छापून घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज.

२. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी ठेवू नये. आमच्या पाड्यांवर एकाच नावाचे कागद अजून सापडतात. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकाच नावाच्या पासपोर्टवर फिरायला येणाऱ्यांना अडवायला सुरुवात केली. तिकीट काढून झाल्यावर हे कळण्यात काय अर्थ?

३. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर आधी नूतनीकरण.

४. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. होड्या वर ओढल्या, जाळी घरात आली, की ‘आता लेकाकडे जाऊन येऊ’. मे महिन्यात कागद घेऊन येणाऱ्याला मी काय सांगणार? युरोपातले शेंगेन देश प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. होळीच्या सुमारासच बसावं. सोबत किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

५. मासळीचा पैसा रोखीत फिरतो. माल विकला, डिझेलचं दिलं, खलाशांचं दिलं, खात्यात खडखडाट. मग अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून आणून मोठी रक्कम भरतात. तपासणाऱ्याची नजर पहिली तिथंच जाते. त्यापेक्षा मच्छीमार सोसायटीची विक्रीची बिलं, बोटीची नोंदणी आणि आयकराचं विवरणपत्र लावा. बोट इथं आहे म्हणजे माणूस परत येणार, हे त्या कागदांतून आपोआप दिसतं.

६. अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो चष्म्याशिवाय. हा नियम २०१६ पासूनचा. मुलाखतीला काकू-वहिनी धास्तावतात. मुंबईच्या वकिलातीत मराठीतून बोलता येतं. विचारतील तेवढंच सांगावं, नातवाचं कौतुक घरी.

७. सुके बोंबील. हा धडा कुणालाच पटत नाही. चार पिशव्यांत गुंडाळले तरी वास लपत नाही, आणि ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर तर खाण्याचं सगळं कार्डावर लिहून द्यावंच लागतं. लिहिलेलं फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर दंड, वर व्हिसाही जाऊ शकतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तेवढ्यावर ताजा चिकू परदेशात शिरत नाही.

८. भेटीला जाणं वेगळं आणि कामाला जाणं वेगळं. दहावी न झालेल्या पोराच्या पासपोर्टवर बहुधा ‘ईसीआर’ शिक्का असतो. सौदी, कुवेत, ओमान, मलेशिया धरून १८ देशांत कामाला जायचं तर त्याला सरकारी परवानगी लागते. ‘व्हिजिटवर जा, तिथं कामाचा करून घेऊ’ असं एजंट म्हणाला की उठून यावं. त्याचा परवाना ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. कराराची एक प्रत आणि पासपोर्टची झेरॉक्स घरी आईजवळ ठेवून जावं.