दुधाचा निळसरपणा आणि प्रकाशाचें माप

आमच्या शेजारच्या एका शेतकरी बंधूचें दूध एकदां संकलन केंद्रावरून परत आलें. ‘निळसर दिसतें, म्हणजे पाणी घातलें आहे,’ असा निवाडा केवळ नजरेनें झाला. वस्तुतः त्यानें शेवटच्या धारा वासरास सोडल्या होत्या, एवढाच त्याचा अपराध. महसुली दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें नजरअंदाज आणि मोजणी यांतील अंतर मला ठाऊक आहे. म्हणून या निळेपणाचें मूळ येथें सांगतों.

दुधांत दोन प्रकारचे कण तरंगत असतात. स्निग्धाचे गोलक मोठे. ते सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून दूध पांढरें दिसतें. केसीन नांवाच्या प्रथिनाचे पुंजके फार लहान, साधारण मिलिमीटरच्या सहा-सात हजाराव्या भागाएवढे. ते तांबड्यापेक्षां निळा प्रकाश अधिक विखुरतात. पहिल्या धारांत स्निग्ध कमी व शेवटच्या धारांत अधिक असतें. शेवटचें दूध वासरानें प्यालें, तर उरलेलें निळसर दिसणारच. पेलाभर पाण्यांत साय काढलेल्या दुधाचे चार थेंब टाकून एका बाजूनें विजेरी धरावी. बाजूनें पाहतां पाणी निळसर, व समोरून पाहतां दिवा तांबूस दिसतो.

आकाश निळें कां, याचा उलगडा रॅले यांनीं १८७१ सालीं याच तत्त्वानें केला. समुद्राचा निळा रंग पाण्याच्या रेणूंनीं विखुरलेल्या प्रकाशाचा आहे, असें सर चंद्रशेखर रामन यांनीं सप्टेंबर १९२१ मध्यें मुंबई बंदरांत बोटीवरूनच लिहून कळविलें. पुढें १९४४ च्या सुमारास डिबाय यांनीं विखुरलेल्या प्रकाशावरून द्रावणांतील मोठ्या रेणूंचें वजन काढण्याची रीत बसविली.

तिचा हिशेब सोपा आहे. ठराविक वजनाचें प्रथिन पाण्यांत विरघळलें असून त्याचे रेणु दोन-दोन जुळले, असें समजा. कणांची संख्या निम्मी झाली. परंतु दुप्पट वजनाचा लहान कण चौपट प्रकाश विखुरतो. निमपट गुणिले चौपट म्हणजे दुप्पट. अर्थात् प्रथिन तेवढेंच असतां जितका प्रकाश अधिक, तितका रेणु वजनदार. मात्र धुळीचा एक कणहि हिशेब बिघडवितो, म्हणून द्रावण बारीक गाळावें लागतें. आणि तें निरनिराळ्या प्रमाणांत पातळ करून मोजावें लागतें. केसीनचा एकेक रेणु हायड्रोजनच्या अणूच्या सुमारें १९ ते २५ हजारपट भरतो. आकार काढण्यास लेसरचा किरण सोडतात: लहान कण पाण्यांत चपळ हालतात, मोठे मंद, विखुरलेल्या प्रकाशाच्या लुकलुकण्यावरून तो भेद कळतो.

आतां व्यवहाराचें. निळा रंग स्निग्ध कमी असल्याची खूण आहे, पाण्याचा पुरावा नव्हे. स्निग्ध कमी झाल्यास दुग्धमापकाचा अंक वाढतो. पाणी घातल्यास उतरतो. दोन्ही एकदम केल्यास हा अंकहि फसवितो. तेथें स्निग्धाची व गोठणबिंदूची परीक्षाच खरी. म्हणून शेतकऱ्यानें धार पूर्ण काढावी, सर्व दूध ढवळून मग वासराचा वांटा द्यावा व नमुनाहि त्यांतूनच द्यावा. आणि कोणी रंगावरून दोष देईल, तर नम्रपणें पण निश्चयानें मापाची मागणी करावी. मोजल्यावांचून ठरविलेला दोष शेतकऱ्यानें मान्य करूं नये.