विंचरणेच्या घळीत उतरण्याआधी

ट्रेक म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर ठरलेली नावं निघतात: राजगड, हरिश्चंद्रगड, फार तर सांदण दरी. म्हणजे सगळं सह्याद्रीतलं. बीड जिल्हा म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड. पण याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बीडहून जामखेडमार्गे अहिल्यानगरला जाणाऱ्या रस्त्यालगत सौताडा नावाचं गाव आहे. सपाट माळ, बाजरी-तुरीची शेतं आणि मध्येच जमीन एकदम फाटलेली. विंचरणा नदी तिथे कड्यावरून खाली उडी घेते आणि पुढे काळ्या कातळाच्या घळीतून जामखेडकडे जाते. खाली रामेश्वराचं देऊळ आहे, तिथपर्यंत पायऱ्या आहेत. श्रावणात सगळी गर्दी त्या पायऱ्यांवर. देवळाच्या पुढे मात्र पायऱ्या संपतात, आणि आपला विषय तिथून सुरू होतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही बारा जण त्या पात्रातून दिवसभर चाललो. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी हा लेख, आणि जरा अभ्यासाच्या अंगाने, कारण त्या घळीत आपल्या सिलॅबसचे निदान तीन विषय उघडे पडलेले आहेत.

आधी जमीन समजून घेऊ. बालाघाटची डोंगररांग म्हणजे दख्खनच्या पठाराचाच भाग. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचा हा बेसाल्ट. सगळे थर मात्र सारखे नाहीत. थराचा मधला भाग घट्ट आणि टणक असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र होतो आणि ती छिद्रं पुढे पांढऱ्या झिओलाइटने भरतात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा सापडतो. वरचा टणक थर टिकतो, खालचा मऊ थर पाणी खात जातं, मग वरचा भाग आधाराविना लटकतो आणि एक दिवस कोसळतो. धबधबा असा दर कोसळण्यागणिक थोडा मागे सरकतो आणि पुढे घळ लांबत जाते. हे नुसतं जिऑलॉजीच्या पेपरसाठी नाही. जिथे कड्याखाली छान सावलीची कपार दिसते आणि डबे उघडावेसे वाटतात, तीच ही पोखरलेली जागा. पावसाळा नुकताच संपलेला असताना तिथे बसू नये. वर मोकळं आकाश असलेल्या ठिकाणी, उन्हात का होईना, पण तिथेच जेवावं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पाटोदा तालुका म्हणजे घराच्या छपराच्या आढ्यासारखा आहे. मांजरा याच तालुक्यात गवखडीजवळ उगम पावते आणि लांबचा वळसा घेऊन गोदावरीला मिळते. सिंदफणाही इथलीच, तीही गोदावरीची. आणि विंचरणा मात्र दुसऱ्या बाजूने उतरून सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे इथे पडणारा थेंब काही किलोमीटर इकडे पडला तर गोदावरीचा आणि तिकडे पडला तर कृष्णेचा. आढ्यावर पाणी थांबत नाही, हे ओघाने आलंच. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या मांजरेचा उगम या माळावर आहे हे तिथे उभं राहिल्यावर चांगलंच लक्षात येतं.

पण जिथे पाणी थांबत नाही तिथे ते एकदम येतं. कोरड्या मुलखात पुराची भीती कसली, असं आमच्यातल्या अर्ध्या लोकांचं मत होतं. बीड शहरातल्या कुणाही साठीच्या माणसाला २३ जुलै १९८९ विचारा. त्या दिवशी बिंदुसरेला पूर आला, नदीकाठच्या वस्त्या गेल्या, माणसं गेली. एरवी बिंदुसरा म्हणजे उड्या मारत ओलांडावी अशी नदी. अमेरिकेतही तेच. ॲरिझोनाच्या वाळवंटात अँटिलोप कॅन्यन नावाची अरुंद घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथे अकरा पर्यटक पुरात वाहून गेले, आणि खुद्द घळीवर त्या वेळी फारसा पाऊस नव्हता. तो पडला होता वरच्या बाजूला, काही मैल दूर.

आता गणित करू. सेकंड इयरला आपण रॅशनल मेथड शिकतो: क्यू = ०.२७८ × सी × आय × ए. समजा घळीच्या वरचं पाणलोट क्षेत्र १० चौरस किलोमीटर, पावसाचा वेग तासाला ५० मिलिमीटर आणि रनऑफ कोइफिशंट ०.५ (उघडा कातळ आणि पातळ माती, तेव्हा जास्त नाही). हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, विंचरणेचे मोजलेले नाहीत. उत्तर येतं सेकंदाला ६९.५ घनमीटर. एवढ्याने काही कळत नाही, म्हणून आपल्याकडच्या भाषेत सांगतो: दहा हजार लिटरचे सात टँकर, दर सेकंदाला. मोकळ्या माळावर हे पाणी ६० मीटर रुंद पसरून सेकंदाला दीड मीटर वेगाने गेलं तर खोली पाऊण मीटरच्या आसपास, म्हणजे मांडीपर्यंत. तेच पाणी ८ मीटर रुंदीच्या घळीत सेकंदाला ३ मीटर वेगाने शिरलं तर खोली जवळजवळ २.९ मीटर. पाणी तेवढंच, जागा मात्र नाही.

ते किती वेळात येईल? त्यासाठी किर्पिचचं सूत्र आहे. प्रवाहाची लांबी ५ किलोमीटर आणि उतार ०.०२ धरला तर सुमारे ६२ मिनिटं येतात. पण हा आकडा पाहून निवांत होऊ नका. लांबच्या टोकाचं पाणी पोचायला एक तास, जवळचं त्याआधीच येऊन धडकतं. घळीच्या तळाशी आभाळाची फक्त एक पट्टी दिसते, त्यामुळे पाऊस कधी सुरू झाला हेच कळत नाही. सौताड्याला शेळ्या घेऊन बसलेले एक मामा आम्हाला म्हणाले, “लेकरांनो, इथं ऊन पडलंय म्हणून भुलू नका. वरलं आभाळ बघा. पाण्यात काडीकचरा यायला लागला की डबे-बिबे तिथंच टाका अन् वर पळा.” किर्पिचपेक्षा हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

आम्ही त्याला एक जोड दिली. प्रत्येक थांब्यावर पाण्याच्या कडेला एक दगड ठेवायचा, बरोबर रेषेवर. निघताना पाणी दोन बोटं चढलेलं असेल किंवा गढूळ झालं असेल, तर चर्चा बंद आणि सगळे वर. शिवाय देवळाखाली प्रवाहही मोजला: संत्र्याची साल सोडून वेग काढला, पात्राची रुंदी २ मीटर, खोली १५ सेंटिमीटर, वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर. पृष्ठभागाचा वेग जास्त असतो म्हणून ०.८ ने गुणायचं. सेकंदाला ७२ लिटर. वर काढलेला पूर याच्या जवळपास हजारपट होतो. हा आकडा मोठ्याने वाचून दाखवल्यावर ग्रुप जरा गप्प झाला, ते बरंच झालं.

वाहत्या पाण्यात उभं राहण्याबद्दलही एक हिशोब. सेकंदाला २ मीटर वेगाचं पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर पायांवर साधारण ३०० न्यूटन जोर येतो, म्हणजे तीस किलोचं पोतं सतत ढकलतंय असं समजा. कमरेपर्यंत गेलं की जोर दुपटीहून जास्त, आणि वर पाणी आपल्याला उचलायला लागतं ते वेगळंच. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. म्हणून गुडघ्याच्या वर जोराचं पाणी असेल तर ओलांडायचंच नाही. दोर धरूनही नाही.

आता चालण्याबद्दल. सपाटीवर आपण तासाला पाच किलोमीटर सहज जातो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये वेळेचा जो नियम मांडला, त्यातही वेग जवळपास तेवढाच, आणि चढासाठी जादा वेळ. पण फ्रिजएवढ्या धोंड्यांच्या पात्रात तो नियम निकामी. आम्हाला तासाला जेमतेम एक किलोमीटर पडला. खरी भानगड अवघड जागांची असते. एखादी धोंड उतरायला एकाला दोन मिनिटं लागतात, बारा जणांना चोवीस. अशा आठ जागा आल्या की तीन तासांहून जास्त वेळ फक्त रांगेत उभं राहण्यात जातो. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगवाले याला बॉटलनेक म्हणतात. उपाय तोच: एक जण वर, एक खाली कायमचा, आधी सगळ्या सॅका हातोहात खाली, मग मोकळी माणसं. वेळ जवळपास निम्म्यावर येतो. आणि सगळ्यात हळू चालणारा पुढून दुसऱ्या नंबरवर, शेवटी कधीच नाही. शेवटी असला की तो पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती झालेली असते आणि त्याला न बसताच निघावं लागतं. दमलेला माणूसच पाय चुकवतो.

पाणी माणशी चार लिटर. ऑक्टोबरचं ऊन आणि काळा कातळ दोन्ही बाजूंनी भाजतात. सोबत साखर-मीठ: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. डोहातलं पाणी पिऊ नये आणि डोहात सूर तर मुळीच मारू नये, तळाचे धोंडे दर पावसाळ्यात जागा बदलतात. कड्यांवर आग्या मोहोळं असतात: डिओ नको, धूर नको, आरडाओरडा नको. उठल्याच माश्या, तर तोंड झाकून लांब पळायचं, पाण्यात बुडी मारून बसायचं नाही. दगडाखाली फुरसं असू शकतं, म्हणून दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. चावलंच तर कापाकापी, आवळून बांधणं काही नको. अवयव हलू द्यायचा नाही आणि सरळ दवाखान्याच्या दिशेने निघायचं. १०८ ला फोन लावायला मात्र घळीतून वर यावं लागतं.

परतीची वेळ आम्ही आदल्या रात्रीच ठरवली होती: दीड वाजता जिथे असू तिथून मागे. दीड वाजला तेव्हा पुढचा डोह वळणापलीकडेच असल्यासारखा वाटत होता आणि दोन सीनियर वैतागले. “दहा मिनिटं रे, एवढं काय!” पण लीडरने ऐकलं नाही. साडेतीनच्या सुमारास वरच्या अंगाला ढग दाटले, गडगडलं, आणि पाऊस पडलाच नाही. सीनियर अजून मेसमध्ये ऐकवतात की तुम्ही उगाच फिरवलंत. माझ्या मते पाऊस पडला असता तर निर्णय बरोबर आणि नाही पडला तर चूक, हा हिशोबच खोटा आहे. दीड वाजता जे माहीत होतं, तेवढ्यावरच तो तपासायला हवा. वळणापलीकडे डोह होता की नाही, कुणास ठाऊक.

राहता राहिलं रेक्टर सरांचं काम. निघण्याआधी त्यांच्या टेबलावर एक कागद हवा: सगळ्यांची नावं, घरचे फोन, कुठून उतरणार, कुठून वर येणार, आणि शेवटची वेळ. आम्ही संध्याकाळी साडेसहा लिहिली होती. साडेसहापर्यंत फोन आला नाही तर सरांनी आधी गावात फोन करायचा, मग पोलिसांना. गावातला एक नंबर सकाळीच घेऊन कळवायचा, चहाच्या टपरीवाल्याचा चालतो.