दादाच्या ताटाजवळ बसताना

जालना

चि. बाळूस,


दादाचे रेडिएशनचे शेक संपले, संभाजीनगरचा मुक्काम हलला, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण ‘आता सगळं उरकलं’ असं लिहिलंयस, तेवढं खोड. शेवटच्या शेकानंतर तोंडाची आग आणखी आठ-पंधरा दिवस वाढू शकते, मग हळूहळू उतरते. चव आणि लाळ परतायला महिने लागतात, लाळ कधी पहिल्यासारखी होतही नाही. म्हणून तो ताट सरकवतो तेव्हा ‘खायचंच नाही यांना’ म्हणून त्याच्यावर खेकसू नकोस.

भेटायला येणारा जो तो मोसंबी आणतो. जालन्यात दुसरं काय आणणार म्हणा! पण सोललेल्या तोंडाला तो रस झोंबतो. जन्मभर मोसंबीची बाग राखलेल्या माणसाला एक फोड तोंडात धरवत नाही, त्याला आतून काय होत असेल? आलेली मोसंबी शेजारी वाटून टाक.

वहिनी ‘हलकं’ म्हणून साबुदाण्याची पेज देते. पेजेनं पोट भरतं, पण झीज भरायला प्रथिनं लागतात आणि साबुदाण्यात ती नावालाही नसतात. पन्नास किलोच्या रुग्णाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम हवीत. एका अंड्यात असतात जेमतेम सहा. मूगडाळीची मऊ खिचडी तूप घालून मिक्सरमधून काढा, उकडलेलं अंडं वरणात घोटा, भाकरी दुधात चांगली भिजवून कुस्करा. दर दोन तासांनी वाटीभर पुरे. दर सोमवारी एकाच काट्यावर वजन घे. ते उतरतच राहिलं किंवा गिळताना ठसका लागू लागला, तर लगेच डॉक्टरांकडे ने. नाकातून नळी घालायला सांगितली तर रडारड नको. तोंड भरून येईपर्यंतची ती सोय असते.

तो पारावर जात नाही म्हणतोस. बोलताना घडीघडी पाण्याचा घोट लागतो, जीभ अडखळते, त्याची लाज वाटत असेल. तू सोबत जा, बाटली तुझ्या हातात ठेव. रात्र रात्र झोप नाही, ‘कशाला जगायचं’ असं बोलू लागला, तर हसण्यावारी नेऊ नकोस. १४४१६ वर टेलि-मानस या मनाच्या मदतीच्या सरकारी सेवेला फोन लाव; फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात.

आणि दाढ दुखली तर गावात परस्पर उपटून आणू नका. शेक बसलेल्या जबड्याची जखम चिघळू शकते. आधी शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या