रेणू जागचा हलता कामा नये

रांगोळीवर झारीने पाणी ओतले तर काय होईल? रंग राहतील, पण चित्र उरणार नाही. ऊतींमधील रेणूंचा नकाशा काढणाऱ्या शास्त्रज्ञांना हीच धास्ती असते.

वस्तुमान वर्णपटमापक रेणूंना विद्युतभारित करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखतो. ऊतीच्या कापावर लेसरचा झोत ठिपक्याठिपक्याने फिरवला, की कोणता रेणू कोठे आहे याचा नकाशा मिळतो. रिचर्ड कॅप्रिओली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ही पद्धत मांडली. कर्करोगाची गाठ कोठे संपते, हेही अशा नकाशात शोधता येते. मात्र काप तयार करताना झालेली चूक उत्तम यंत्रालाही सुधारता येत नाही.

शरीराबाहेर काढलेल्या ऊतीत विकरे रेणूंची मोडतोड सुरू करतात. म्हणून ती ताबडतोब गोठवतात. मग सुमारे उणे २० अंश सेल्सिअसला साधारण १० मायक्रॉन जाडीचा काप घेऊन तो वीजवाहक थर दिलेल्या काचपट्टीवर ठेवतात.

प्रथिने पाहायची असतील तर काप अल्कोहोलने धुतात. त्यामुळे अडथळा आणणारे क्षार व मेद निघून जातात. पण मेदच पाहायचे असतील, तर असे धुणे म्हणजे शोधायची वस्तूच फेकून देणे होय!

आता खरी कसोटी. लेसरची ऊर्जा शोषणारे एखादे सेंद्रिय आम्ल द्रावणरूपात कापावर फवारतात. द्रावणातील ओलावा ऊतीतील रेणूंना वर ओढतो आणि वाळताना ते आम्लाच्या स्फटिकांत अडकतात. फवारा फार कोरडा असला तर रेणू वर येत नाहीत. फार ओला असला तर ते पसरतात आणि गाठीची सीमा खोटी दिसते. म्हणून पातळ थर देऊन, वाळवून, पुन्हा थर देतात. दुसरा मार्ग संप्लवनाचा. निर्वातात तापवलेल्या आम्लाची वाफ थंड कापावर थेट स्फटिकरूपाने बसते. द्रव नसल्याने रेणू हलत नाहीत. पण ते वरही कमी ओढले जातात.

करून पाहा : कागदावर शाईच्या पेनने दोन सारख्या रेघा काढा. एकीवर पाण्याचा थेंब टाका, दुसरीवर दुरून बारीक तुषार उडवा. कोणती रेघ जागेवर राहिली? का?